मदत हवी आहे: थंडीत ट्रेलर उभा करताना स्मोक अलार्मच्या बॅटऱ्या काढाव्यात की राहू द्याव्यात?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बोलेरोमागे ओढायचा एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर आहे. चौघांची झोपायची सोय, एक ओटा, दोन बर्नरची शेगडी, बस. दिवाळीची सुट्टी संपली की तो शिरपूर तालुक्यातल्या आमच्या खळ्यात पत्र्याच्या शेडखाली लागतो, तो महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेला निघेपर्यंत. शेतीची कामं लांबली तर पार मे उजाडतो. पाण्याची टाकी रिकामी करणं, चाकांखाली फळ्या देणं, फ्रिजचं दार किलकिलं ठेवणं, उंदरांची भोकं बुजवणं हे सगळं आता अंगवळणी पडलंय. घोडं अडतं ते अलार्मपाशी. जाणकारांनी जरा सांगावं.

आधी काय काय बसवलंय ते सांगते. छताला स्मोक अलार्म, त्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. झोपायच्या जागेजवळ भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, त्यात दोन पेन्सिल सेल. आणि ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅस डिटेक्टर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, म्हणून तो तिथे. हा तिसरा सेलवर चालत नाही. ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवरून त्याची वायर थेट आली आहे, मधे बटणसुद्धा नाही.

गेल्या थंडीत आप्पांचा (माझे सासरे) भल्या पहाटे फोन आला. "हाई काय चिवचिव करी राह्यनं वं? पाखरू अडकनं का मझार?" पाखरू नव्हतं, स्मोक अलार्म होता. बॅटरी उतरली की मिनिटा-मिनिटाला एक बारीक टिटकारी देतो ना, ती. ट्रेलरची किल्ली आमच्याजवळ धुळ्याला, त्यामुळे आप्पांना बिचाऱ्यांना काही करताही येईना. गंमत म्हणजे ऊन वर आलं की आवाज बंद, रात्री गारठा पडला की पुन्हा सुरू. कारण नंतर समजलं. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि अलार्म समजतो की बॅटरी संपत आली. आपल्या धुळे जिल्ह्यात पारा ५-६ अंशांवर उतरतो हे तुम्हाला माहीतच आहे, आणि रिकाम्या ट्रेलरचा पत्रा पहाटे हाताला चटका बसावा इतका गार असतो. घरात लावायचे स्मोक अलार्म साधारण ४ ते ३८ अंश एवढ्याच तापमानासाठी बनवलेले असतात. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरात ते खालच्या कडेला टेकतात आणि एप्रिलमध्ये वरची कड ओलांडून जातात.

यावर आमच्या ह्यांचं म्हणणं सरळ आहे: दिवाळीनंतर सगळे सेल काढून ठेवायचे, विषय संपला. पण त्याच शेडमध्ये, ट्रेलरपासून दहा पावलांवर कापूस असतो. भाव वाढेल म्हणून ठेवलेला, पार तुळईला टेकेल एवढा ढीग. राखणीसाठीच आप्पा तिथे झोपतात. बाजूला पऱ्हाट्या रचलेल्या, थंडीची शेकोटीही जवळच. आप्पा म्हणतात, राहू द्या चालू, काही पेटलं तर वाजेल तरी. आणि मला त्यांचं म्हणणं उडवून लावावंसं वाटत नाही. ज्यांचं वर्षभराचं उत्पन्न त्या ढिगात आहे त्यांनी तसा विचार करणं अगदी बरोबर आहे.

तरी खरं सांगायचं तर ट्रेलरच्या आतला अलार्म बाहेरच्या कापसासाठी भरवशाचा नाही. दारं-खिडक्या बंद असतात. धूर आत शिरून छताला पोचेपर्यंत बाहेर ज्वाळा दिसू लागतील. तेव्हा कापसाची काळजी वेगळी घ्यावी लागेल आणि ट्रेलरचा निर्णय ट्रेलरपुरताच करावा लागेल, असं माझं मत बनतंय. चुकत असेन तर सांगा.

सेल काढावेत असं वाटण्याचं माझं कारण आवाज हे नाहीच. वीज वाचेल हेही नाही. स्मोक अलार्म नुसता जागा राहायला काही मायक्रोअँपिअरच घेतो. मला भीती सेल फुटून पाझरण्याची आहे. ट्रेलर मे महिन्यापर्यंत राहिला की बाहेर ४४-४५ अंश आणि बंद ट्रेलरच्या छतापाशी त्याहून कितीतरी जास्त. साधे अल्कलाइन सेल ५५ अंशांपर्यंतच वापरायचे असतात. उतरलेला सेल उष्णतेत पाझरला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. जुन्या टॉर्चमध्ये सगळ्यांनी पाहिली असेल. टॉर्चमध्ये ते लगेच कळतं, कारण दिवा लागत नाही. अलार्म मात्र छताला गप्प बसून राहतो, आणि तो गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असंच आपण धरून चालतो. त्या ट्रेलरमध्ये माझी मुलं झोपतात हो.

माझे प्रश्न असे. स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचे सेल काढून घरी आणावेत, हे बरोबर का? पुन्हा बसवताना अल्कलाइनऐवजी लिथियमचे घालावेत का? लिथियमचे पेन्सिल सेल उणे ४० ते ६० अंशांपर्यंत चालतात, म्हणजे आपल्या दोन्ही ऋतूंना पुरतील, पण अलार्मच्या आत छापलेल्या यादीत नसलेला सेल घातला तर कमी बॅटरीचा इशारा वेळेवर मिळेल ना? आणि गॅस डिटेक्टरच्या वायरीचं काय करावं? त्याने समजा १०० मिलिअँपिअर ओढले तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात, म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी सहा आठवड्यांत कोरडी. लेड-ॲसिड बॅटरी अशी पूर्ण उतरून पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. शेडमध्ये लोडशेडिंगमुळे चार्जर कायम लावून ठेवण्याची सोय नाही.

फोटो उद्या टाकते.

भर: सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लवकर इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

ज्या ताईंनी काढलेल्या ९ व्होल्टच्या बॅटरीबद्दल बजावलं त्यांचे विशेष आभार. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे पुन्हा लिहिते. त्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला, अगदी शेजारी-शेजारी असतात. ती पान्ह्यांच्या डब्यात, किल्ल्यांच्या खिशात किंवा भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याजवळ पडली तर टोकं जुळून ती तापते आणि आग लागू शकते. आमचा हत्यारांचा डबा कापसाच्या ढिगालगतच्या फळीवर असतो. म्हणून आता बॅटरी काढली की लगेच दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप, आणि ती धुळ्याला घरी. शेडमध्ये एकही सुटा सेल राहणार नाही.

ज्या दादांनी 'काढलेले सेल परत घालायला विसरलात तर?' असं विचारलं, त्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. उभ्या ट्रेलरमध्ये अलार्म नसला तर फार तर ट्रेलर जाईल, पण तोरणमाळच्या थंडीत खिडक्या लावून आत चौघं झोपलेले असताना अलार्म रिकामा असला तर जिवावर बेतेल. बऱ्याच स्मोक अलार्मच्या खोबणीत एक छोटी पट्टी असते. बॅटरी नसली की ती वर येते आणि झाकण किंवा बैठक बसूच देत नाही. आमच्यात ती आहे, काल बघितली. तेव्हा अलार्म छतावरून उतरवून ओट्यावर तसाच उघडा ठेवायचा. कार्बन मोनॉक्साइडवाल्यात अशी पट्टी नाही. त्यासाठी आमच्या ह्यांनी सुचवलं की नवे सेल आणि अलार्म एका पिशवीत घालून पिशवी गॅस रेग्युलेटर ठेवतो त्या कप्प्याच्या कडीला बांधायची. ती सोडल्याशिवाय रेग्युलेटर हाती येणार नाही, आणि रेग्युलेटरशिवाय चहासुद्धा होणार नाही. म्हणजे सेल निघताना नवेच घालायचे, जुने नाहीत, आणि बटण दाबून दोन्ही वाजवून बघायचे.

रिचार्जेबल सेल वापरा असं दोघांनी सुचवलं. क्षमा करा, पण ते मला पटत नाही. ९ व्होल्टच्या म्हणून मिळणाऱ्या कितीतरी रिचार्जेबल बॅटऱ्या मुळात ८.४ व्होल्टच्या असतात आणि पडून राहिल्या की आपोआप लवकर उतरतात. कॅमेऱ्याला ठीक, अलार्मला नको.

गॅस डिटेक्टरसाठी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरच कटऑफ स्विच बसवायचा, सिलिंडर काढून बाहेर मोकळ्या हवेत ठेवायचं आणि मोठी बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करायची, यावर सगळ्यांचं एकमत दिसलं. तसंच करतो. एकाने विचारल्याप्रमाणे मागच्या बाजूची तारीख पाहिली. स्मोक अलार्म बनवल्यापासून १० वर्षांनी बदलायचा असतो, आमच्या अलार्मला अजून अवकाश आहे. गॅसवाल्यावरची तारीख मात्र पुसट झाली आहे आणि ते सेन्सर त्यापेक्षा बरेच आधी थकतात, त्यामुळे तो नवाच घेणार. नवीन घेताना खोक्यावर आरव्हीसाठी (म्हणजे आपल्या ट्रेलरसारख्या, आत राहायची सोय असलेल्या गाड्यांसाठी) चालतो असं लिहिलंय का ते बघा, असा सल्ला मिळाला. अमेरिकेत स्मोक अलार्मचं यूएल २१७ हे मानक आहे, त्यात आरव्हीसाठीच्या अलार्मची चाचणी वेगळी होते. आपल्याकडे धुळे-जळगावच्या दुकानांत घरगुतीच मिळतात, त्यामुळे ऑनलाइन मागवावा लागेल.

आता राहिला आप्पांचा कापूस. शेडमध्ये स्मोक अलार्म चालणार नाही हे कळलं. कापसाची तूस आणि धूळ आत गेली की तो उगाच वाजत राहील आणि शेवटी कोणीतरी त्याची बॅटरी काढून टाकेल. धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा हीट डिटेक्टर घ्या असं एका काकांनी सांगितलं. त्यातले नेहमीचे ५७ अंशांना वाजतात. थंडीत ते चालेल, पण कापूस मार्च-एप्रिलपर्यंत राहिला तर तापलेल्या पत्र्याखाली दुपारी तो आपोआपच वाजणार नाही का? खान्देशात कोणी कापसाच्या किंवा चाऱ्याच्या शेडमध्ये असा डिटेक्टर बसवला असेल तर कृपया सांगा: पत्र्यापासून किती खाली लावलात, किती अंशांचा घेतलात, आणि खळ्यात झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल असा भोंगा त्याला कसा जोडलात?