‘वस्तीयोग्य ग्रह’ हा शब्दच बंद करा!

डिचोलीचा मास्तर:
नातवाने काल विचारलं, "आजोबा, के2-18बी वर माणसं राहू शकतात ना?" कुठलातरी मथळा वाचून आला होता. हा ग्रह आपल्या सूर्यमालेबाहेर, 124 प्रकाशवर्षांवर, वजनाने पृथ्वीच्या आठपटीहून जास्त, उभं राहायला जमीन आहे की नाही याचाच पत्ता नाही. ‘वस्तीयोग्य पट्टा’ म्हणजे ताऱ्यापासूनचं असं अंतर, जिथे पाणी द्रवरूपात टिकू शकेल. बस्स. त्या हिशेबाने आपला मंगळही पट्ट्यातच येतो, जा राहायला! आमच्याकडचे दलाल ‘सी व्ह्यू’ म्हणून फ्लॅट विकतात आणि समुद्र बघायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, त्यातलाच हा प्रकार.

मांडवीकाठ:
मास्तर, मथळ्याचा राग संशोधकांवर कशाला? ग्रह डोळ्याला दिसतच नाही हो. तो ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किंचित घटतो, तेवढंच हाती लागतं. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर ती घट दहा हजारांत एक भागसुद्धा भरणार नाही. त्यातून ग्रहाचा आकार आणि त्याचं वर्ष किती दिवसांचं ते काढायचं. असे ग्रह हजारोंनी सापडलेत, नासाची जेम्स वेब अवकाश दुर्बीण मात्र एकच. मग ती वळवायची कुठे? पट्टा ही चाळणी आहे.

डिचोलीचा मास्तर:
मग चाळणीच म्हणा की! 2025 च्या एप्रिलात केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने त्याच ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. खात्री तीन सिग्माची (खूण निव्वळ योगायोगाची नाही, याच्या खात्रीचं हे माप), शोध जाहीर करायला पाच लागतात. हे त्या गटानेही लपवलं नव्हतं. पुढे इतरांनी तीच निरीक्षणं तपासून शंका काढल्या. त्या शंकांचा मथळा कुणी छापला?

पेडणेकर_77:
शब्दांचं जाऊ द्या. वेबला दहा अब्ज डॉलर लागले. आमच्या वाड्यावर एप्रिलात नळाला पाणी नाही आणि हे परग्रहावर पाणी शोधतायत.

मांडवीकाठ:
तुमच्या नळाचे पैसे नासाने नेले नाहीत, भाऊ. आणि सगळंच काही अब्जावधीचं नसतं. माउंट अबूला 1.2 मीटरच्या दुर्बिणीवर आपल्या अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेने ‘पारस’ हा वर्णपटमापक, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं यंत्र, बसवला, 2018 मध्ये परग्रह शोधला. मात्र तो ताऱ्याला इतका खेटून फिरतो की वस्तीचं नावच नको. ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत. त्यातल्या सगळ्यात आतल्यावर दाट वातावरण नाही, हे वेबने 2023 मध्ये दाखवलं. ‘नाही’ कळायलाही बघावं लागतंच ना?

डिचोलीचा मास्तर:
बघायला माझी ना नाही. पाऊस सरला की नातवाला पणजीत दुर्बिणीतून आकाश दाखवणारच आहे. शब्दाबद्दल मात्र माघार नाही.

पेडणेकर_77:
कॅसिनोंच्या झगमगाटात तारा दिसला तर कळवा, मास्तर.