अनुभव धागा: दात किडू नयेत म्हणून रोज काय करता?

खाडीकिनारा: कळव्याच्या बाजारात आज मिसरीची पुडी दिसली आणि पहाटे बोटाने दात घासणारी आजीची पिढी आठवली. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात वाचत नाहीत, हिरड्या मात्र जातात आणि सवय सुटत नाही. घरात कोणी लावत असेल तर आधी ती थांबवा. बाकी काय करायचं ते तपशिलात लिहा.

रातराणी: रात्रीचं ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ फार कमी होते, दात किडवणारं आम्ल धुतलं जात नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं. मग फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, नाहीतर पेस्टमधलं दात वाचवणारं फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये.

पोळीभाजी: चूळच नाही?? पेस्टची चव राहते ना तोंडात

रातराणी: @पोळीभाजी होते सवय. फेस नीट थुंका. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास आहे का बघा, बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये नसतंच.

घणसोलीकर: मुलांना ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, ३ ते ६ ला वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्या. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला की लगेच दाखवा, त्या टप्प्यावर फ्लोराइड लावून कीड थांबवता येते. खड्डा पडल्यावर नाही.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे येणारी दाढ कायमची असते! कुठलाही दात न पडता येते म्हणून दुधाची समजून दुर्लक्ष होतं. तिच्या खाचा सीलंटने (दाढेवर लावायचा पातळ लेप) बुजवून घ्या.

पोळीभाजी: सीलंट कुठे करतात? आम्ही घोडबंदरला

ट्रान्सहार्बर: लहान मुलांचे डेंटिस्ट करतात. नेरूळ, खारघरला डेंटल कॉलेजंही आहेत. ठाण्याहून पनवेल गाडी पकडा, दोन्ही स्टेशनं लागतात. ऐरोली-घणसोलीला गर्दी उतरते, मुलाला घेऊन बसायला मिळेल.

पोळीभाजी: थँक्यू दादा 🙏

डबेवाली_मावशी: किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा. प्रत्येक खाण्यानंतर तोंड अर्धा तास तरी आम्लात असतं. दर तासाला एक बिस्किट म्हणजे दाताला सावरायला वेळच नाही. छोट्या सुट्टीत बिस्किटांऐवजी शेंगदाणे, काकडी द्या. चिक्की द्यायचीच तर जेवणाबरोबर.

रातराणी: +१. आणि लिंबू सरबतानंतर लगेच ब्रश नको, साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

घणसोलीकर: फ्लॉस राहिलाच. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथली कीड आरशात दिसतही नाही. हातभर दोरा घ्या, बोटांना गुंडाळून दाताच्या बाजूला चिकटवून वरखाली. हिरडीवर झटक्याने आपटू नका.