कंपनीचा विमा आणि खोलीभाड्याची मर्यादा

नोकरी लागलेल्या मुलांना तिशीपर्यंत कंपनीचा समूह आरोग्य विमा पुरतो, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. अशा चर्चेत विम्याच्या रकमेवर बरेच बोलणे होते, पण खोलीभाड्याच्या मर्यादेचा, म्हणजे रुग्णालयातील खोलीसाठी विमा रोज जास्तीत जास्त किती देईल याचा, उल्लेख राहून जातो. अंबडच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला पावसाळ्यात डेंग्यू झाला, तेव्हा त्याच्या ३ लाखांच्या समूह विम्यात खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा होती आणि मिळालेली खोली ६,००० रुपयांची होती. केवळ भाड्यातील फरक भरावा लागेल असा घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात डॉक्टरांच्या भेटी, शुश्रूषा असे खोलीबरोबर वाढणारे खर्चही त्याच प्रमाणात निम्मेच मंजूर झाले. औषधे आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, म्हणून निभावले.

त्यामुळे स्वतंत्र पॉलिसी घेताना, हप्ता थोडा जास्त पडला तरी, ही मर्यादा नसलेलीच योजना मागावी. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल, म्हणजे त्या आजारांचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षांचा झाला आहे, तो पंचविशीतच सुरू झालेला बरा. आणखी एक, वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. एजंटने जुना तक्ता पुढे केला, तर नवीन आकडा मागून घ्यावा.