मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यनमधील रेंजरसोबतच्या फेऱ्या आणि ज्येष्ठ नागरिक

नमस्कार. मे महिन्यात आम्ही ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर तीन दिवस राहणार आहोत. सोबत पुण्याहून येणारी माझी आई असेल. ती भूगोलाची निवृत्त शिक्षिका असून तिचे वय 71 आहे आणि गुडघे दुखतात.

मागच्या खेपेस मी रेंजरसोबतच्या जीवाश्म-फेरीला गेलो होतो. पायाखालच्या चुनखडीत नखाएवढ्या शिंपल्यासारखा एक ठसा त्यांनी दाखवला, आणि सात हजार फूट उंचीचा हा कडा सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राचा तळ होता, हे त्यावर बोट फिरवताना मला खऱ्या अर्थाने उमगले. आईलाही तो अनुभव मिळावा, अशी मनापासून इच्छा आहे. दरीतल्या एका शिखराचे नाव ‘विष्णू टेंपल’ आहे, हे कळल्यापासून तर ती फार उत्सुक आहे.

यावापाई भूशास्त्र संग्रहालयाजवळच्या व्याख्यानांना बसायला बाके असतात का? जीवाश्म-फेरीत खडकाळ जमिनीवर किती चालावे लागते? रेंजर बोलत असताना शेजारी हळू आवाजात मराठीत सांगितले, तर इतरांना त्रास होतो का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.