सागाची वलयं आणि पाकट माशाचा मणका: वय मोजायची रीत एकच?

रंधेवाला: जुन्या सागवानी खांबाचा तुकडा कापला. टोकाला काचकागद मारल्यावर वलयं अशी उठून आली की मोजतच बसलो. ४१ भरली. मेव्हणा म्हणाला, पाकट माशाचं वयही असंच मोजतात, मणक्यातली वलयं मोजून. माझी फिरकी घेतोय का? पाकटाला तर हाडंच नसतात, सगळी कूर्चा!

खारंपाणी: फिरकी नाही, मी दोन वर्षं हेच काम केलंय. कूर्चा खरी, पण मणक्याच्या कूर्चेत कॅल्शियमचे क्षार साठतात आणि मासा वाढेल तसे बाहेरून थर चढतात. मणका साफ करून वाळवायचा, हिऱ्याच्या पात्याने मधोमध पातळ काप काढायचा. काप दिसतो थेट डमरूसारखा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर फिकट-गडद पट्टे. एक जोडी म्हणजे सहसा एक वर्ष. जन्माच्या जागी डमरूची कड जराशी वळते, तिथून पुढे मोजायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा एकमेकांना सांगायचा नाही. एकदा माझे ९ आले, सहकारी बाईंचे १२. दुपारभर वाद!

रंधेवाला: म्हणजे आमचा सागच बरा.

पानगळ: इतकं निर्धास्त राहू नका. कोरड्या दिवसांत सागाची पानं गळतात, वाढ थांबते. पाऊस आला की मोठ्या छिद्रांचं लाकूड धरतं, तीच वलयाची सुरुवात. पण पावसाने मध्येच दडी मारली आणि पुन्हा आला, तर खोटं वलय पडतं. भिंग लावून बघा: खऱ्याची कड ठसठशीत, एकदम संपणारी असते, खोट्याची विरत जाते. शिवाय तुकडा खोडाच्या वरच्या भागातला असेल तर झाडाची सुरुवातीची वर्षं त्यात नाहीतच. एक मात्र आहे, जिवंत झाडाला पोकळ गिरमिटाने भोक पाडून पेन्सिलीहून बारीक कांडी काढता येते. झाड तसंच उभं राहतं.

खारंपाणी: तिथेच आमचं अडतं. मणका हवा तर मासा मेलेला हवा. मँटा म्हणजे अवाढव्य पाकट, त्याची मादी वर्षभर पोटात वाढवून बहुधा एकच पिल्लू देते. तिला वय विचारण्यासाठी कोण मारणार? म्हणून तिच्या पोटावरच्या ठिपक्यांचे फोटो ठेवतात. प्रत्येकीची नक्षी वेगळी असते. तीच नक्षी वीस वर्षांनी पुन्हा दिसली, तर वय निदान वीस तरी नक्की.

रंधेवाला: भिंगाने पुन्हा मोजली. ३८. तीन कडा विरणाऱ्या निघाल्या. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.