उन्हाळ्यात देवणी गाईंच्या रक्तातून डीएनए आणि आरएनए: नळ्या, किट कोणते घ्यावेत?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. परभणीत पीएचडी करतेय, विषय देवणी आणि लाल कंधारी या देशी जातींच्या जनावरांची ऊन सोसण्याची ताकद. मे महिन्यात उदगीर आणि कंधार भागातल्या गोठ्यांवर जाऊन ४० जनावरांचं रक्त घ्यायचंय. डीएनए हवाच, शिवाय एचएसपी७० (उष्णतेचा ताण आला की पेशीत वाढणारं) जनुक किती काम करतंय ते मोजायला आरएनएसुद्धा. एथिक्स कमिटीची परवानगी मिळालीय, रक्त पशुवैद्यक डॉक्टरच काढतील. नमुने जागीच गोठवायला द्रव नायट्रोजन नेता येणार नाही, पारा ४२च्या पुढे, जीप परत यायला रात्र होते. फेलोशिपचे पैसे बेताचे आहेत. खर्च कशावर करू?

मांजराकाठ
ताई, पैसे आरएनएच्या नळीवर घाला, डीएनएवर वाचवा.

डीएनएला जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी पुरते. भरली की ८-१० वेळा हळूच उलटीपालटी करायची. ४ अंशांवर आठवडाभर काही बिघडत नाही. गाईच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून, म्हणून आधी अमोनियम क्लोराइडच्या बफरने तांबड्या पेशी फोडून टाका. मग एसडीएस (पेशी फोडणारा साबण), प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर), प्रथिनं खाली बसवायला संपृक्त मीठ आणि डीएनए बाहेर काढायला अल्कोहोल. तयार किटाची (रसायनांच्या संचाची) गरजच नाही.

आरएनएचं मात्र वेगळं. ईडीटीए नळीत पांढऱ्या पेशी जिवंतच असतात. ती नळी तापल्या जीपमध्ये राहिली तर त्या पेशी तिथेच एचएसपी७० वाढवतील, आणि तुम्ही गाईला लागलेलं ऊन न मोजता जीपमधलं ऊन मोजाल! तुमचा सगळा अभ्यासच त्या जनुकावर आहे. म्हणून रक्त पडताक्षणी पेशी फोडून आरएनए थोपवणारी नळी घ्या: पॅक्सजीन (२.५ मिलि रक्त) किंवा टेंपस (३ मिलि). पॅक्सजीन १८ ते २५ अंशांत ३ दिवस टिकते, टेंपस ५ दिवस. टेंपस १० सेकंद जोरात हलवावीच लागते, ईडीटीएसारखी हळुवार नाही. दोन्हींना आपापलं किट लागतं, तेव्हा कोटेशन मागताना नळी आणि किट एकत्रच मागा.

लेंडीकाठ
टोपणाचा रंग स्वतः तपासा. आमच्याकडे एकदा हिरव्या टोपणाच्या नळ्या आल्या, म्हणजे हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन. घाईत त्याच वापरल्या. हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया) अडवतं, १८ नमुने वाया गेले. परत गोठ्यांवर जायची लाज वाटली हो, शेतकऱ्यांनी विश्वासाने जनावरं धरून दिली होती.

बर्फाच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळा. नळी थेट बर्फाला टेकली की रक्तातल्या पेशी फुटतात.

गोदाकाठ
जीपचं लक्षातच आलं नव्हतं, खूप आभार. नळ्यांऐवजी ट्रायझॉल एलएस (आरएनए काढायचं द्रावण) स्वस्तात पडेल का? एक भाग रक्ताला तीन भाग घालून?

मांजराकाठ
प्रमाण बरोबर आहे, पण त्यात फिनॉल असतं, कातडी भाजते. गोठ्यात लेकरं भोवती असतात, तिथे ती बाटली उघडू नका. लॅबमध्ये वापरलंत तरी सांडलेल्यावर ब्लीच ओतू नका, विषारी वायू निघतो. पॅक्सजीन-टेंपसच्या द्रावालाही हाच नियम.

लॅबसाठी पिपेटच्या फिल्टर टिप्स घ्याच, म्हणजे एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही. ०.१ टक्के डीईपीसीचं (आरएनए तोडणारी विकरं निकामी करणारं रसायन) पाणी विकत न घेता लॅबमध्येच करता येतं, रात्रभर ठेवून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करायचं. फक्त ट्रिस बफरमध्ये डीईपीसी घालू नका. आणि आरटी-पीसीआरआधी (आरएनएची डीएनए प्रत करून मोजायची चाचणी) डीएनेज, म्हणजे उरलेला डीएनए तोडणारं विकर, दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गोदाकाठ
टेंपसचं कोटेशन उद्याच मागवते, किटासकट. नळ्या आल्या की आधी इथल्याच दोन गाईंवर करून बघते, मग उदगीरचा रस्ता.

लेंडीकाठ
त्या दोन गाईंच्या नळ्या दिवसभर जीपमधल्याच डब्यात, आत थर्मामीटर ठेवून फिरवा. पारा २५च्या वर गेला तर डबा बदला.