पिझ्झा फ्रँचायझी: शंभराच्या विक्रीतले हातात किती उरतात?

ताळेबंद:
पहिलंच दुकान, तेही कर्ज काढून, असेल तर पिझ्झाची फ्रँचायझी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते हिशेबातच दिसतं.

कर वगळून महिन्याची विक्री १०० धरा. कच्चा माल २८, खोकी-पिशव्या ४, पगार २५, भाडं १०, वीज-गॅस ५, रॉयल्टी (ब्रँडला नावापोटी द्यायचा विक्रीतला वाटा) ६, जाहिरात निधी ४, दुरुस्ती-विमा २, कार्ड पेमेंटचं शुल्क वगैरे २. झाले ८६. उरलेले १४ दाखवून फ्रँचायझी विकली जाते. पण ४० ची विक्री डिलिव्हरी अ‍ॅपवरून आली आणि अ‍ॅपचं कमिशन २५ टक्के असलं, तर आणखी १० गेले. उरले ४. त्यातून कर्जाचे हप्ते, ओव्हनचा घसारा, आयकर आणि मालकाची स्वतःची मजुरी निघायला हवी. शिवाय रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोट्याच्या महिन्यातही ती भरावीच लागते.

भट्टी:
आकडे मान्य आहेत, निष्कर्ष नाही. विक्रीबरोबर वाढतात ते कच्चा माल, खोकी, रॉयल्टी, जाहिरात, पेमेंट शुल्क आणि अ‍ॅपचं कमिशन, मिळून ५४. भाडं, पगार, वीज, दुरुस्ती हे ४२ जवळपास ठरलेले. विक्री १२० वर गेली की ५४ टक्के वजा जाऊन ५५ हाती येतात. एक अर्धवेळ माणूस वाढला म्हणून ठरलेला खर्च ४४ धरा. उरले ११. म्हणजे विक्री २० टक्के वाढली आणि नफा ४ वरून ११ वर गेला! अनोळखी नावाच्या दुकानाला हे गिऱ्हाईक जमवायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. ब्रँडची फी त्यासाठीच असते.

ताळेबंद:
मग तोच हिशेब उलटा चालवा. विक्री ९० झाली तर हाती ४१.४ आणि ठरलेला खर्च ४२. म्हणजे ९१ च्या खाली आलात की तोटा. समोरचा रस्ता महिनाभर खोदला तरी एवढी घट होते. आणि 'एकावर एक मोफत' योजना कोण ठरवतं? ब्रँड. दुसऱ्या पिझ्झाचं चीज मात्र दुकानदाराचं. त्या ऑर्डरवर कच्चा माल २८ वरून थेट ५६ वर जातो. विक्रीचा आकडा फुगल्यामुळे ब्रँडची रॉयल्टी वाढते, तुमचा नफा वाढेलच असं नाही. हितसंबंध इथेच वेगळे होतात, आणि नवख्या माणसाला हे कुणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

भट्टी:
योजनांबद्दल तुमचं बरोबर आहे. पण बरीच दुकानं त्याआधी मेकलाइनवरच, म्हणजे पिझ्झावर सॉस-चीज घालतात त्या ओट्यावरच, बुडतात. १० इंची पिझ्झावर ११० ग्रॅम चीज ठरलंय, आणि गर्दीत हाताच्या अंदाजानं १२५ पडलं. कच्च्या मालात चीजचा वाटा ४० टक्के धरला तर ते विक्रीच्या ११.२ टक्के. प्रत्येक पिझ्झावर १५ ग्रॅम जास्त म्हणजे विक्रीचा दीड टक्का गेला. तुमच्या त्या ४ पैकी दीड! वजनकाटा आणि मापाचे कप रोज वापरले की ही गळती थांबते.

दुसरी गळती कणकेची. गोळे ३-४ अंशांवर २४ ते ४८ तास फुगवतात. त्यापुढे ते जास्त आंबतात, थापताना फाटतात, बेस चपटा होतो. म्हणून शनिवारचा अंदाज गुरुवारीच बांधावा लागतो. चुकला तर एक तर गोळे फेका, नाही तर ऑर्डर बंद करा.

कमाईची कमाल मर्यादा ओव्हन ठरवतो. पट्ट्याच्या ओव्हनमध्ये ६ मिनिटांत ४ पिझ्झा निघाले तर तासाला ४०. शनिवारी रात्री ८ ते ९ मध्ये ६० मागण्या आल्या तर २० गिऱ्हाइकं ताटकळतात, आणि दुसरा ओव्हन घेतला तर उरलेला आठवडा तो थंड पडून राहतो.

बारीक_अक्षरे:
दोघंही दुकान सुरू झाल्यानंतरचंच बोलताय. ब्रँडशी करार १० वर्षांचा आणि गाळ्याचा भाडेकरार ५ वर्षांचा, ही जोडी सर्वात घातक. सहाव्या वर्षी गाळामालकानं गाळा रिकामा करायला सांगितला तर धुराड्याची नळी, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी), थ्री-फेज वीजजोडणीवरचा खर्च तिथेच राहतो, पण ब्रँडच्या करारातली बंधनं सुटत नाहीत. सही करण्याआधी सजावट नव्यानं करण्याची सक्ती कितव्या वर्षी आहे, वैयक्तिक हमी (दुकान बुडालं तर तुम्ही स्वतः भरायची रक्कम) किती, दुकान विकायचं झाल्यास हस्तांतर शुल्क किती, आणि तुमच्या हद्दीत ब्रँड स्वतःचं डिलिव्हरी किचन (फक्त घरपोच ऑर्डरसाठीचं स्वयंपाकघर) काढू शकतो का, हे तपासा.

ब्रँड अमेरिकेत फ्रँचायझी देत असेल तर तिथलं माहितीपत्र मागा. तिथल्या नियमानुसार सही किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस ते द्यावंच लागतं. त्यात २३ बाबी असतात. ७ वी सुरुवातीच्या गुंतवणुकीची, १९ वी कमाईच्या दाव्यांची (ही देणं ऐच्छिक), २० वी किती दुकानं उघडली, किती बंद झाली त्याची. मी २० वी आधी वाचायला सांगेन.

ताळेबंद:
२० व्या बाबीशी पूर्ण सहमत. बंद झालेल्यांशी बोलता आलं तर फक्त तीन आकडे विचारा: अ‍ॅपवरून येणारी विक्री किती टक्के होती, सवलतीतल्या ऑर्डर किती, आणि पहिल्या वर्षी खिशातून किती घालावे लागले.

भट्टी:
आणि चालू असलेल्यांकडे शनिवारी रात्री ८ ला जाऊन मेकलाइनवर वजनकाटा आहे का, तेवढं पाहून या.